सिन्नरहून हेमलकशाकडे : एका दुर्गम रुग्णालयाची वाट

उष्ण कटिबंधातील दुर्गम रुग्णालयात स्वेच्छेने सेवेला जाणारा डॉक्टर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात बहुधा आफ्रिकेतील एखादा नदीकाठ किंवा परदेशातील युद्धभूमी उभी राहते. परंतु अशा रुग्णालयाची जी लक्षणे सांगितली जातात, म्हणजे पावसाळ्यात तुटणारा रस्ता, डॉक्टरला न येणारी रुग्णाची बोली, मेंदूपर्यंत पोचणारा हिवताप, सर्पदंश आणि कंदिलाच्या उजेडात करावी लागलेली शस्त्रक्रिया, ती सर्व सिन्नरहून मोटारीने दोन दिवसांत गाठता येणाऱ्या एका ठिकाणी गेल्या पन्नास वर्षांत अनुभवास आली आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे ते ठिकाण होय. तेथे जाण्यासाठी पारपत्र लागत नाही, राज्याची सीमाही ओलांडावी लागत नाही. तरीही शहरात शिकलेल्या मराठी डॉक्टरला तेथे पोचल्यावर जवळजवळ सर्व काही नव्याने शिकावे लागते, आणि म्हणूनच परदेशातील वैद्यकीय सेवेचा विचार करू इच्छिणाऱ्याने या वाटेचा विचार आधी करावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अंतर मोजण्यासाठी सिन्नर हे सोयीचे आरंभस्थान आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले, यादवांच्या आरंभीच्या काळाशी निगडित असलेले आणि काळ्या पाषाणातील गोंदेश्वराच्या पंचायतन मंदिरामुळे (मुख्य देवालयाभोवती चार लहान देवालये असलेल्या रचनेस पंचायतन म्हणतात) अभ्यासकांना परिचित असलेले हे गाव नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. ठाणगावच्या किंवा वावीच्या एखाद्या बाळंतिणीला रात्री रक्तस्राव सुरू झाला, तर आधी सिन्नर आणि तेथे जमले नाही तर नाशिक, हा मार्ग घरच्यांना ठाऊक असतो. गाडी मिळते, रस्ता असतो, आणि रुग्णालयात जो कोणी भेटतो तो मराठीच बोलतो. तालुक्यातील सरकारी आरोग्यसेवेविषयी लोकांच्या तक्रारी असतील आणि त्या योग्यही असतील, पण या तिन्ही गोष्टी, म्हणजे वाहन, वाट आणि भाषा, येथे इतक्या गृहीत धरल्या जातात की त्या उपचाराचाच भाग आहेत हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वेकडील प्रवासात त्या एकेक करून सुटत जातात.

सिन्नर आणि भामरागडचा अरण्यप्रदेश यांच्यात वरवर पाहता काहीच समान नसले तरी दोन धागे त्यांना जोडतात. सिन्नरच्या असंख्य स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळून संसार चालवले, आणि विडीचे वेष्टन ज्या तेंदूपानाचे असते त्याची महाराष्ट्रातील मोठी आगरे गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलांत आहेत. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, मे महिन्यात, तेथील आदिवासी कुटुंबे पहाटे जंगलात शिरून पाने खुडतात, त्यांचे पुडे बांधतात आणि संकलन केंद्रावर देतात. वर्षातील रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्या थोड्या दिवसांतच हाती येतो. दुसरा धागा पाण्याचा आहे. सिन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी देवनदी गोदावरीला मिळते, तर भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात आणि तीच इंद्रावती पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूर येथे गोदावरीत विलीन होते. नकाशावर ही दोन्ही पाणलोट क्षेत्रे एकाच खोऱ्याची दोन टोके आहेत.

गोंदे या सिन्नर तालुक्यातील गावाजवळच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढता येते. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि त्यामुळे सिन्नर–नागपूर हा पूर्वी रात्र खाणारा प्रवास दिवसाच्या उजेडात संपू लागला. कोपरगाव, वैजापूर, जालना, मेहकर, कारंजा असा बेसाल्ट खडकाच्या पठारावरून जाणारा हा रस्ता वेगाने मागे पडतो. विदर्भात शिरल्यावर उत्तरेला मेळघाटचे डोंगर राहतात, जेथे बैरागड या गावी डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी कोरकू लोकांमध्ये कित्येक दशके वैद्यकी केली. वर्ध्याजवळ सेवाग्राम लागते. तेथील कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि १९६९ मध्ये त्याला जोडून ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवण्याच्या उद्देशाने वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पुढे गडचिरोलीत कार्य करणारे डॉ. अभय बंग याच परिसरात वाढले. विदर्भातील आरोग्यकार्याची एक परंपरा या टापूत रुजलेली आहे, आणि हेमलकशाकडे पाहताना ती नजरेआड करून चालत नाही, कारण एकाकी दिसणाऱ्या माणसांच्या मागेही शिक्षणसंस्था, आश्रम आणि सहकारी यांचे मोठे पाठबळ होते.

परदेशी सेवेचा मराठी इतिहास सांगताना नागपूरचा उल्लेख आणखी एका कारणाने करावा लागतो. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रसभेने (काँग्रेसने) १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते, डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे बंगालमधून आले होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघालेले हे पथक दक्षिण चीनमार्गे आत शिरत १९३९ च्या आरंभी येनानला पोचले. पथकातील इतर यथावकाश परतले. कोटणीस मात्र राहिले, चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी हेबेई प्रांतातील एका खेड्यात वारले. चीनमध्ये त्यांची स्मृती आजही जपली जाते ती मुख्यतः या राहण्यामुळे. पाचही डॉक्टरांचे धैर्य सारखेच होते आणि परतलेल्यांचे काम कमी प्रतीचे ठरवणे अन्यायाचे होईल. तथापि परक्या मुलखात डॉक्टर काही काळापुरता राहतो की तेथलाच होतो, या प्रश्नाचे उत्तर तेथील लोकांच्या आठवणीत कसे उमटते, हे या उदाहरणातून दिसते. तोच प्रश्न हेमलकशाच्या वाटेवर पुन्हा समोर येतो.

नागपूरहून दक्षिणेकडे चंद्रपूरच्या रस्त्यावर वरोरा लागते. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन येथेच आहे, आणि हेमलकशाचा प्रकल्पही याच संस्थेचा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यानंतर गोंडपिपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की भूप्रदेश बदलतो: काळी माती संपते, साग, ऐन, मोह आणि बांबू यांचे जंगल सुरू होते, वस्त्या विरळ होतात. आलापल्लीच्या आसपासचे सागवान पूर्वीपासून नामांकित आहे. सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहने आता या बाजूच्या रस्त्यांवर सतत दिसतात आणि रस्त्यांची दशा त्यांच्यामुळे अनेकदा बिघडते. आलापल्लीपासून पेरमिली, ताडगाव अशी गावे घेत साठेक किलोमीटर गेल्यावर हेमलकसा येते, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर भामरागड. सुरक्षा दलांच्या चौक्या वाटेत लागतात. नक्षलवादी चळवळीच्या काळात या रस्त्याने जे पाहिले त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण येथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ज्या अंतरात सिन्नरचा माणूस पुण्याला पोचतो त्या अंतरावर भामरागडच्या माणसाचे जिल्हा रुग्णालय असते.

हेमलकशाच्या या लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात २३ डिसेंबर १९७३ रोजी झाली. त्या वेळी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता; तो १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन या भागात पूर्वी येऊन गेले होते, येथील माडिया आदिवासी लोकांची स्थिती त्यांनी पाहिली होती, आणि येथे काम सुरू करण्याचा त्यांचा संकल्प पुढे नेण्याची तयारी त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे यांनी दाखवली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शल्यक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना ते सोडून प्रकाश आमटे आले, आणि भूलशास्त्र शिकलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्यासोबत आल्या. विलास मनोहर, रेणुका मनोहर, गोपाळ फडणीस, जगन मचकले, दादा पांचाळ अशा सहकाऱ्यांची नावे या आरंभकाळाशी जोडलेली आहेत आणि ती प्रत्येक वेळी घेतली गेली पाहिजेत. कारण झोपड्या बांधणे, पाणी भरणे, शेती करणे, रुग्णाला उचलून आणणे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कंदील धरणे ही कामे करणाऱ्यांवाचून दुर्गम भागातील डॉक्टर हा औषधांची पेटी घेऊन बसलेला एकटा माणूस ठरतो. पुढे विलास मनोहर यांनी लिहिलेल्या पुस्तकांतून आणि प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ या आत्मकथनातून हा काळ मराठी वाचकांपर्यंत पोचला.

आरंभी रुग्ण येत नव्हते. दार नसलेल्या झोपडीत, वीज आणि दूरध्वनी यांच्याविना दवाखाना मांडला गेला होता, परंतु वेगळी भाषा बोलणाऱ्या या माणसांना पाहून माडिया लोक जंगलात दूर निघून जात. आजारावर उपाय करणारा पुजारी गावात होता, त्याचे मंत्र आणि विधी परिचयाचे होते, आणि बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा आजवरचा अनुभव फसवणुकीचा होता. त्यामुळे हा संशय पूर्णपणे शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते. फेफऱ्याच्या झटक्यात आगीत पडून भयंकर भाजलेला एक मुलगा आणि मेंदूच्या हिवतापाने मरणाच्या दारात पोचलेला एक रुग्ण बरे झाले, आणि ती बातमी पायवाटांनी गावोगाव गेली, तेव्हा चित्र बदलू लागले. स्वित्झर्लंडच्या मदतीतून १९७५ च्या सुमारास लहान रुग्णालय उभे राहिले, १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. २००८ मध्ये आमटे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोपर्यंत ५० खाटांच्या या रुग्णालयात वर्षाला ४०,००० च्या आसपास रुग्ण येत होते, आणि त्यांतील अनेक जण खाटेवर किंवा कावडीसारख्या झोळीत घालून, दिवसभर चालत आणलेले असत.

माडिया ही गोंडी भाषासमूहातील, म्हणजे द्राविडी कुळातील बोली आहे, आणि मराठीशी तिचे व्याकरणाने नाते नाही. माडिया गोंड, कातकरी आणि कोलाम या तीन जमातींना महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी समूह असा शासकीय दर्जा आहे. डॉक्टर माडिया शिकले ते सौजन्य म्हणून शिकले असे समजणे चुकीचे ठरेल. वैद्यकशास्त्रात निदानाचा मोठा भाग रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवर उभा असतो: दुखणे कधी सुरू झाले, थंडी वाजून ताप येतो की नुसता येतो, पाळी किती दिवस चुकली आहे, काय चावले आणि ते कोणी पाहिले. ही माहिती दुभाष्यामार्फत घेताना गळते, आणि दुभाषी पुरुष असेल तर स्त्री रुग्ण निम्मे सांगतच नाही. जेथे रक्ताच्या तपासण्या आणि क्ष-किरण यंत्र जवळ नाही तेथे डॉक्टरचे कान हीच प्रयोगशाळा असते, आणि त्यामुळे भाषा न येणारा निष्णात तज्ज्ञ तेथे एखाद्या नवशिक्या पण बोली जाणणाऱ्या परिचारिकेपेक्षाही कमी उपयोगाचा ठरू शकतो. दुर्गम भागात जाण्याची तयारी करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात या बाबीला जवळजवळ स्थान नसते, ही गंभीर उणीव आहे.

या प्रदेशातील आजारांत हिवतापाचे स्थान पहिले. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार दीर्घकाळ गडचिरोलीवरच राहिला आहे, आणि त्यात फॅल्सिपेरम हा जीवघेणा प्रकार अधिक आढळतो. या जातीचा परजीवी तांबड्या रक्तपेशींत वाढताना त्या पेशींना एक प्रकारचा चिकटपणा येतो, त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, आणि हे मेंदूत घडले की रुग्णाला झटके येऊन तो बेशुद्ध पडतो. यालाच मेंदूचा हिवताप म्हणतात. पूर्वी शिरेतून दिले जाणारे क्विनाइन हा मुख्य आधार होता. चीनमधील एका पारंपरिक वनस्पतीपासून तू यूयू यांच्या संशोधनातून मिळालेले आर्टेमिसिनिन आणि त्याच्या वर्गातील औषधे आल्यावर उपचार अधिक परिणामकारक झाले, त्या संशोधनाला २०१५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला, आणि बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निदान करणारी पट्टी आल्यामुळे गावातील आरोग्यसेविकाही ताप असलेल्या मुलाची तपासणी करू शकते. तरीही गाव नदीपलीकडे असेल आणि नदीला पूर असेल, तर पट्टी आणि गोळ्या आधीच गावात असाव्या लागतात.

हिवतापाशीच सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा संबंध आहे, आणि हा संबंध वैद्यकातील अत्यंत विचार करायला लावणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. रक्तातील हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनात एका जनुकाच्या बदलाने दोष निर्माण होतो, आणि प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई आणि वडील या दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आलेल्या व्यक्तीला असह्य सांधेदुखीचे झटके, रक्तक्षय आणि वारंवार जंतुसंसर्ग भोगावे लागतात. परंतु एकाच पालकाकडून तो आलेली व्यक्ती, जिला वाहक म्हणतात, सामान्यतः निरोगी असते आणि फॅल्सिपेरमच्या जीवघेण्या रूपापासून तिला बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलात हजारो वर्षे राहिलेल्या समाजांत हे जनुक म्हणूनच टिकले. विदर्भातील आदिवासी आणि अन्य काही समाजांत ते मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू करण्यात आली. नाशिक किंवा पुण्यातून गेलेला तरुण डॉक्टर हातपाय दुखतात म्हणून आलेल्या मुलाला वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवील, तर येथे मुरलेला डॉक्टर त्याचे डोळे पिवळे आहेत का हे आधी पाहील.

सर्पदंशाचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारी एकत्रित प्रतिविष लस भारतात तयार होते आणि मुंबईची हाफकिन संस्था ती बनवणाऱ्या जुन्या संस्थांपैकी आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते, श्वास थांबतो; अशा वेळी प्रतिविषाबरोबरच रुग्णाचा श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवावा लागतो, आणि श्वसनयंत्र नसेल तर रबरी फुगा हाताने दाबत तासन्‌तास माणसे पाळीपाळीने बसतात. घोणसच्या दंशात रक्त गोठत नाही. काचेच्या स्वच्छ नळीत रुग्णाचे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले आणि ते पातळच राहिले, तर विष भिनल्याचे निदान होते, म्हणजे ही तपासणी करायला एक नळी आणि घड्याळ पुरते. मासिक पाळीच्या काळात माडिया स्त्रिया गावाबाहेरच्या कुर्मा नावाच्या झोपडीत राहतात, तेथे जमिनीवर झोपणाऱ्या स्त्रियांचा साप-विंचवाशी गाठ पडण्याचा धोका अधिक असतो. सापाखेरीज अस्वल: मोहफुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखाली माणूस आणि अस्वल समोरासमोर येतात आणि अस्वल थेट चेहऱ्यावर हल्ला करते. फाटलेला चेहरा शिवण्याचे असे प्रसंग हेमलकशाच्या सुरुवातीच्या काळात विजेविना पार पाडले गेले.

रुग्णाबरोबर सगळे घर येते, आवारात चूल मांडते आणि स्वतःचे अन्न शिजवते, ही येथली पद्धत शहरातील रुग्णालयाला अव्यवस्था वाटेल. मध्य आफ्रिकेत गॅबनमधील लांबारेने येथे ओगोवे नदीकाठी १९१३ मध्ये रुग्णालय काढणाऱ्या डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनीही हीच मुभा दिली होती. श्वाइट्झर यांची आफ्रिकी माणसाकडे पाहण्याची दृष्टी वडीलधारेपणाची होती, आणि तिच्यावर झालेली टीका योग्य आहे. पण रुग्णाला घरापासून तोडले तर तो रुग्णालयात येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केल्यावर आदिवासी प्रतिनिधींनाच विचारले की रुग्णालय कसे हवे, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असे उत्तर मिळाले. म्हणून तेथील माँ दंतेश्वरी दवाखाना खेड्यासारखा, नातलगांना राहता येईल अशा झोपड्यांचा बांधण्यात आला आणि देवीचे नाव त्याला लोकांच्या इच्छेने दिले गेले. लांबारेनेत एका माणसाने दिलेली परवानगी आणि दंतेश्वरीत लोकांनी घेतलेला निर्णय यांत जे अंतर आहे, ते दुर्गम भागातील वैद्यकसेवेच्या एका शतकाच्या वाटचालीचे अंतर आहे.

आता स्वयंसेवी पाहुण्या डॉक्टरांकडे वळणे आवश्यक आहे. हेमलकसा येथे शस्त्रक्रियेची शिबिरे भरतात, नागपूर व इतर शहरांतून शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ येतात आणि काही दिवसांत हर्निया, हायड्रोसिल, गाठी, गर्भाशयाचे विकार अशा शस्त्रक्रिया करतात. ‘सर्च’मध्ये मुंबईच्या मणकातज्ज्ञांच्या पथकाने पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आहेत. जगभरात असे काम १९७१ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या, १९९९ चे शांतता नोबेल मिळालेल्या ‘सीमारहित डॉक्टर’ या संघटनेच्या नावाने ओळखले जाते, आणि इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बिजापूर भागात, या संघटनेच्या पथकांनी अनेक वर्षे फिरते दवाखाने चालवले. म्हणजे सिन्नरच्या डॉक्टरला जो परदेश दूर वाटतो, त्या परदेशातील डॉक्टर हेमलकशाच्या शेजारच्या जंगलापर्यंत येऊन गेले आहेत.

अशा अल्पकालीन सेवेचे मोल निर्विवाद आहे, पण ते कशावर अवलंबून असते हे पाहिले पाहिजे. शिबिरात शस्त्रक्रियेला आलेला रुग्ण कोणीतरी आधी महिनाभर तपासून निवडलेला असतो, त्याचे हिमोग्लोबिन वाढवलेले असते, शस्त्रक्रिया म्हणजे काय हे त्याला त्याच्या बोलीत समजावलेले असते. आणि पाहुणे परतल्यावर टाके कोणी काढायचे, जखम चिघळली तर काय करायचे, याची जबाबदारी तेथे राहणाऱ्यांवर असते. कायमचा मुक्काम असलेले डॉक्टर, परिचारिका आणि कार्यकर्ते जेथे आहेत तेथे बाहेरच्या तज्ज्ञाचे आठ दिवस फळतात. जेथे ते नाहीत तेथे चार दिवसांचा वैद्यकीय दौरा लोकांच्या हाती न समजणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या आणि अर्धवट राहिलेली निदाने ठेवून जातो, आणि पुढच्या डॉक्टरवरचा विश्वास तेवढा कमी करतो. डॉ. दिगंत आमटे आणि डॉ. अनघा आमटे यांच्या रूपाने हेमलकशाची दुसरी पिढी तेथेच राहून रुग्णसेवा करते आहे, ही गोष्ट म्हणूनच कोणत्याही इमारतीपेक्षा महत्त्वाची मानावी लागते.

राहणाऱ्या डॉक्टरलाही प्रत्येक गावी पोचता येत नाही, आणि या मर्यादेवर गडचिरोलीनेच एक उत्तर शोधले. ‘सर्च’ने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, यावर त्या काळी वैद्यकवर्तुळात मोठा आक्षेप होता. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते ती याच कामाच्या आधारावर, आणि सिन्नरच्या वाड्यावस्त्यांवरही ती जाते. गडचिरोलीच्या जंगलातून नाशिक जिल्ह्याकडे आलेली ही सेवा आहे, याची नोंद सहसा घेतली जात नाही.

प्रवाशासाठी हेमलकशाला जाण्याचा सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो. रस्ते कोरडे असतात, धानकापणी उरकलेली असते, पर्लकोटेच्या पुलावरून पाणी उतरलेले असते, आणि शिबिरांची आखणीही बहुधा याच दिवसांत होते, कारण रुग्णांना वेळ असतो व डॉक्टरांना सुट्ट्या मिळतात. परंतु आजारांचे वेळापत्रक याच्या उलट चालते. जूनच्या अखेरीस पाऊस लागला की डास वाढतात, साप घरात येतात, पेरणी-रोवणीच्या घाईत ताप अंगावर काढला जातो, पर्लकोटा पुलावर चढून भामरागडचा आलापल्लीशी संपर्क कधीकधी सलग काही दिवस तुटतो, आणि इंद्रावतीपलीकडून, छत्तीसगडाच्या बाजूने येणारा रुग्ण डोंग्याने पाणी ओलांडता येईल तेव्हाच निघू शकतो. सिन्नर, नाशिक किंवा पुणे येथून एखाद्या तरुण डॉक्टरला खरोखर मनुष्यबळाची उणीव भरून काढायची असेल, तर त्याने तेथील रुग्णालयाशी आधी पत्रव्यवहार करून, मेच्या उन्हातच जाऊन माडियातील दुखण्यांची नावे शिकून घ्यावीत, पहिल्या पुराच्या आधी मुक्काम पक्का करावा आणि ऑक्टोबरात पाणी उतरेपर्यंत परतीचा विचार ठेवू नये.